चांगली बाभूळ आणि वेडी बाभूळ

गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३मध्ये कोनोकार्पस या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, तेव्हा राज्यातील कित्येक शहरांचे रस्ते-दुभाजक, गृहसंकुलांच्या कुंपणभिंती आणि सरकारी कार्यालयांची आवारे याच झाडाने भरून गेलेली होती. हिवाळ्यात फुलणाऱ्या या झाडाच्या परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा आणि ॲलर्जीचे विकार बळावतात, तसेच त्याची मुळे जमिनीखालील केबल, जलवाहिन्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांना इजा करतात, असे कारण त्या वेळी देण्यात आले. तेलंगणाने त्याआधीच या झाडाला मनाई केली होती. बंदी योग्य की अयोग्य, यावर बरीच चर्चा झाली. परंतु हे झाड एवढ्या मोठ्या संख्येने लावले कोणी आणि का, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. बारमाही हिरवे राहणारे, झपाट्याने वाढणारे, उन्हाला आणि खाऱ्या जमिनीला न जुमानणारे, फारशी निगा न मागणारे आणि मुख्य म्हणजे गुरे ज्याला तोंड लावत नाहीत असे झाड, ही त्याची ख्याती.

शास्त्रीय अर्थाने कोनोकार्पसला ‘आक्रमक’ म्हणावे की नाही, हा वेगळा वाद आहे. ते भारतात स्वतःच्या बियांनी दूरवर पसरले आहे, असे फारसे दिसत नाही. तथापि, ज्या गुणांवर त्याची निवड झाली, त्याच गुणांवर याआधी सुबाभूळ, गिरिपुष्प आणि वेडी बाभूळ यांचीही निवड झाली होती. रोपवाटिकेच्या दृष्टीने जे गुण, तेच जंगलाच्या आणि माळरानाच्या दृष्टीने अवगुण ठरतात. परक्या वनस्पतींच्या आक्रमणाची चर्चा बहुधा त्या वनस्पतींवर दोषारोप करून संपते. ज्या हातांनी त्यांची पेरणी केली त्यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

परके म्हणजे वाईट, असे समीकरण मांडायचे ठरवले तर मराठी स्वयंपाकघर निम्मे रिकामे करावे लागेल. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, पपई आणि कोकणाचा काजू ही सारी अमेरिका खंडांची देणगी. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा, तर उन्हाळ्यात शहरे लालेलाल करणारा गुलमोहर मादागास्करचा. सीताफळ तर बालाघाटच्या डोंगरांत रानोमाळ उगवते, पण त्याने जंगल गिळले अशी तक्रार कोणी करीत नाही. म्हणूनच २०११ साली मार्क डेव्हिस आणि अन्य अठरा शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एकत्रितपणे लिहून, कोणत्याही जातीचा न्याय तिच्या मूळस्थानावरून नव्हे तर तिच्या परिणामांवरून करावा, असे प्रतिपादन केले होते. त्यावर जोरदार वाद झाला आणि तो पूर्णपणे शमलेला नाही. परंतु त्यातील मूळ मुद्दा आकडेवारीलाही मान्य आहे. जैवविविधता आणि परिसंस्था सेवा यांविषयीच्या आंतरसरकारी मंचाने सप्टेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, माणसाने जगभर इकडून तिकडे नेऊन स्थिरावलेल्या जीवजातींची संख्या ३७ हजारांहून अधिक आहे. त्यांपैकी साडेतीन हजारांवर जाती अपायकारक ठरल्या. वनस्पतींपुरते बोलायचे तर परक्या वनस्पतींतील अवघ्या सहा टक्के आक्रमक निघाल्या. मात्र या सर्व आक्रमक जीवांमुळे होणारे आर्थिक नुकसान २०१९ साली वर्षाला ४२३ अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते, असाही त्याच अहवालाचा हिशेब आहे.

मग शंभरांतील या सहांतच असे काय असते? सर्वांत जुने आणि सर्वांत लोकप्रिय उत्तर शत्रूंच्या अभावाचे आहे. आपल्या मूळ भूमीत प्रत्येक वनस्पतीमागे कीटक, बुरश्या आणि विषाणू यांचा ससेमिरा असतो. बी किंवा रोप समुद्रापार जाते तेव्हा हे शत्रू बहुधा मागेच राहतात. युरोपातून अमेरिकेत जाऊन रुजलेल्या ४७३ वनस्पतींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्या भूमीत या वनस्पतींना जडणाऱ्या बुरशींच्या जाती सरासरी ८४ टक्क्यांनी, तर विषाणूंच्या जाती २४ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले.

या उत्तराचा पडताळा भारतातच, तोही अपघाताने, फार पूर्वी मिळाला होता. लाल रंग देणारा कोचिनील कीटक समजून १७९५ साली ब्राझीलमधून एक कीटक भारतात आणण्यात आला आणि फड्या निवडुंगावर सोडण्यात आला. तो निघाला त्या कुळातला भलताच भाऊबंद. रंगाचा व्यापार बुडाला. परंतु त्या कीटकाने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. पुढे १९२६मध्ये निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीसाठी त्याचाच भाऊबंद असलेला आणखी एक कीटक श्रीलंकेतून मुद्दाम आणला गेला आणि दक्षिण भारतातील निवडुंगाची बेटे ओसरली. ऑस्ट्रेलियात तर सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन निवडुंगाने व्यापली होती; ती अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी दहाएक वर्षांत मोकळी केली.

तथापि शत्रू नसणे हे कारण एकटे पुरे पडत नाही. निवडुंगाला जो उपाय लागू पडला तो घाणेरीला पडला नाही. टणटणी किंवा विदर्भात रायमुनिया म्हणून ओळखली जाणारी ही वनस्पती तर सरळ एका प्रदेशातून उचलून आणलेली रानटी झुडूपही नव्हे. युरोपातील बागांमध्ये शोभेसाठी अनेक जातींचे संकर करून तिचे शेकडो प्रकार घडवले गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानामार्गे भारतात आली. एका प्रकारावर जगणारा कीटक दुसऱ्या प्रकाराला तोंड लावीलच असे नाही. बुलबुलांसारखे पक्षी तिची फळे खातात आणि बी पसरवतात, तर पानांतील विषारी द्रव्यांमुळे गुरे आणि हरणे तिच्यापासून दूर राहतात. चरणारा प्राणी शेजारचे गवत खातो आणि घाणेरीसाठी जागा मोकळी करतो, असा हा उफराटा व्यवहार आहे.

येथे जमिनीची अवस्था निर्णायक ठरते. दाट, अखंड जंगलात घाणेरीला ऊन मिळत नाही. पण जेथे वृक्षतोड झाली, वारंवार वणवे लागले, रस्ते काढले गेले किंवा अतिचराई झाली, तेथे ती फोफावते. जलपर्णीचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. निळ्या-जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आलेल्या या वनस्पतीविरुद्ध तेथे १९३६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला होता. पुण्याची मुळा-मुठा, पाषाणचा तलाव किंवा उजनीचे पाणी यांवर आज जो हिरवा गालिचा दिसतो, तो विणण्याचे काम शहरांच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद करतात. दरवर्षी यंत्रे लावून जलपर्णी काढायची आणि त्याच पाण्यात प्रक्रिया न केलेले मैलापाणी सोडत राहायचे, हा उद्योग महापालिकांना का आवडतो, हे ठेकेदारच सांगू शकतील.

गाजरगवताचीही गोष्ट अशीच पडीक आणि विस्कटलेल्या जमिनीची आहे. १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली, तेव्हापासून अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ गव्हाबरोबर ते आले, अशी कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ‘काँग्रेस गवत’ या नावाचा संबंधही लोक त्या आयातीशी जोडतात. वास्तविक तो करार ऑगस्ट १९५६मधला, म्हणजे नोंदीनंतरचा. त्याआधी १९५१मध्येही अमेरिकी गहू भारतात आला होता, त्यामुळे धान्याची वाट अगदीच नाकारता येत नाही. परंतु या वनस्पतीचे उल्लेख भारतात एकोणिसाव्या शतकातही सापडतात. राजकीय पक्षांनी उगाच वाईट वाटून घेऊ नये. रानमोडी नावाने कोकणात ओळखल्या जाणाऱ्या अशाच एका आक्रमक झुडपाला केरळमध्ये ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४मध्ये बेंगळुरू येथे सोडण्यात आला. त्याचा काही ठिकाणी चांगला उपयोग झाला, पण बांधकामांच्या राडारोड्याने आणि रस्त्यांच्या खोदकामाने दरवर्षी नव्याने उघड्या पडणाऱ्या जमिनीशी भुंग्याची शर्यत लागत नाही.

या दोन कारणांहून महत्त्वाचे आणि सर्वांत कमी चर्चिले जाणारे तिसरे कारण आहे, ते म्हणजे संख्या. एखादी परकी वनस्पती बागेत दहा-वीस झाडांच्या रूपाने आली तर ती टिकेलच असे नाही. दुष्काळ, रोग, योगायोग यांतून ती नाहीशी होऊ शकते. परंतु तीच वनस्पती सरकारी योजनेतून वर्षानुवर्षे, लाखोंच्या संख्येने, शेकडो ठिकाणी पेरली गेली, तर तिला अपयशी होण्याची मुभाच राहत नाही. कोठेतरी तिला मानवणारी जमीन मिळते आणि कधीतरी चांगला पाऊस लागतो.

कच्छमधील बन्नी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा गवताळ प्रदेश एकेकाळी आशियातील उत्तम कुरणांत गणला जाई. वेडी बाभूळ भारतात त्याआधीच आली होती. १८७७ साली जमैकाहून तिचे बी कडप्पा भागात आल्याची नोंद आहे, तर जोधपूर संस्थानाने १९४० साली तिला ‘शाही वृक्ष’ ठरवले होते. १९६०च्या दशकाच्या आरंभी रणाचे खारेपण पुढे सरकू नये म्हणून गुजरातच्या वनखात्याने बन्नीच्या कडेला तिची मोठी लागवड केली. हेतू चांगलाच होता, आणि झाडही जगले. त्याच्या शेंगा गोड असतात, गुरे त्या आवडीने खातात. आतले कठीण कवचाचे बी पोटातून जाऊन शेणाबरोबर बाहेर पडते आणि अधिक सहज रुजते. ज्या मालधारी पशुपालकांचे कुरण राखायचे होते त्यांचीच गुरे या झाडाची पेरणी करीत फिरली. आज बन्नीचा जवळपास निम्मा भाग या झाडाखाली आहे.

याचा परिणाम केवळ गवतावर झाला नाही. शेंगा सतत खाल्ल्याने कांकरेज गायींना पचनाचे आणि जबड्याचे विकार होतात, असे मालधारी सांगतात. बन्नीची म्हैस त्या मानाने हे सहन करते. परिणामी गायींच्या कळपांची जागा हळूहळू म्हशींनी घेतली, म्हणजे एका झाडाने एका समाजाचे पशुधन बदलले. दुसऱ्या बाजूने, याच झाडापासून कोळसा पाडून अनेक कुटुंबे पोट भरू लागली. २००४ साली त्यावरील निर्बंध उठले तेव्हा तोड इतकी वाढली की काही वर्षांतच ते पुन्हा लादावे लागले. आता झाड काढावे असे म्हणणारे आणि झाड राहू द्यावे असे म्हणणारे दोघेही बन्नीतलेच आहेत, कधी कधी एकाच घरातले. सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातही गरिबाच्या चुलीला वेड्या बाभळीचाच आधार आहे, ही गोष्ट तिच्या निर्मूलनाची मागणी करताना शहरांतील निसर्गप्रेमी सोयीस्करपणे विसरतात.

वेडी बाभूळ वेडी ठरल्यावर ‘चांगली’ बाभूळ आली. सुबाभूळ या नावातच तिची जाहिरात आहे. १९७०च्या दशकात जळण, चारा, कागदाचा लगदा आणि नत्र स्थिरीकरण अशा सर्व गरजा भागवणारे चमत्कारी झाड म्हणून तिचा देशभर पुरस्कार झाला. महाराष्ट्रात उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने तिच्या प्रसाराला मोठी चालना दिली. दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या, जळणाची टंचाई खरी होती, तेव्हा त्या काळच्या लोकांना आज दोष देणे सोपे आणि अन्याय्य आहे. पण सुबाभूळ स्वतःच्याच परागांनी फळते, लहान वयात शेंगा धरते आणि तिचे बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या मूळ प्रदेशातील एक रसशोषक कीड आशियात पोहोचली आणि तिचे कौतुक ओसरले. झाडे मात्र राहिली. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या बहुचर्चित यादीत घाणेरी, रानमोडी आणि जलपर्णीबरोबर तीही आहे.

गिरिपुष्पाचे प्रकरण थोडे वेगळे आहे. उंदीरमारी या नावाने ओळखले जाणारे हे मध्य अमेरिकेतील झाड फांदी खोवली तरी जगते. पुण्याच्या टेकड्यांवर आणि राज्यातील अनेक उजाड डोंगरांवर ते लावले गेले, कारण त्याला राखण लागत नाही. ते वेड्या बाभळीच्या वेगाने पसरत नाही. माणसाने लावले तेथेच बहुधा दाटी करून राहते. तेव्हा त्याला आक्रमक म्हणण्यापेक्षा एकसुरी लागवडीचा दोष म्हणणे अधिक रास्त. परंतु ज्या टेकड्या ‘उजाड’ समजून ते लावले गेले, त्यांतील अनेक मुळात उजाड नव्हत्याच. पावसाळ्यात गवताने आणि रानफुलांनी भरणारे, उन्हाळ्यात पिवळे पडणारे माळ होते ते. लांडगा, खोकड, चिंकारा आणि माळढोक यांचे घर असलेल्या या भूमीची नोंद इंग्रजी अमदानीपासून ‘पडीक’ अशीच होत आली आणि स्वातंत्र्यानंतरही ती बदलली नाही. अलीकडे याच टेकड्यांवर नारिंगी कॉसमॉस फुलतो आणि त्याच्यासोबत छायाचित्रे काढण्यासाठी गर्दी होते. मूळचा मेक्सिकोकडचा हा पाहुणा गवताची आणि सोनकीची जागा घेतो आहे, हे त्या छायाचित्रांत अर्थातच दिसत नाही.

या साऱ्यात आणखी एक अडचण काळाची आहे. जर्मनीतील ब्रँडेनबुर्ग भागातील परक्या झाडाझुडपांचा अभ्यास इंगो कोवारिक यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. वनस्पती आणल्यापासून ती आपणहून पसरू लागेपर्यंत तेथे सरासरी १४७ वर्षे लोटली होती. केवळ वृक्षांचा विचार केला तर १७०. उष्ण प्रदेशात हा काळ कमी असू शकतो, पण कोणतेही वनखाते पाच वर्षांनंतर ‘हे झाड निरुपद्रवी आहे’ असा जो निर्वाळा देते, त्याला फारसा अर्थ उरत नाही. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम राबवली गेली. तिची चर्चा जवळजवळ संपूर्णपणे किती रोपे लावली आणि किती जगली, या दोनच प्रश्नांभोवती फिरली. कोणती लावली, हा प्रश्न मागे राहिला. आणि जगण्याच्या टक्केवारीवरच अधिकाऱ्याची कामगिरी मोजली जाणार असेल, तर तो हमखास जगणारे, गुरे न खाणारे झाडच निवडणार, यात त्याचा दोष किती?

एकदा पसरलेली वनस्पती हटवणे किती अवघड आहे, हे व्याघ्र प्रकल्पांत दिसते. भारतीय वन्यजीव संस्थेशी संबंधित संशोधकांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, देशातील वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात घाणेरीचा शिरकाव झाला आहे. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही. गवत नाही तर चितळ-सांबर नाहीत, आणि ते नसले की वाघ गावाकडे वळतो. वरवर कापली तर घाणेरी जोमाने फुटते. त्यामुळे मुळाच्या वरच्या भागाशी घाव घालून ती उपटायची आणि उलटी करून ठेवायची, ही दिल्लीचे पर्यावरणशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. परंतु खरे काम त्यानंतर सुरू होते. मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवत पेरले नाही आणि पुढील काही वर्षे नवी रोपे उपटत राहिले नाही, तर तीच किंवा तिच्याहून वाईट वनस्पती तेथे येते. काढणीला निधी मिळतो, छायाचित्रेही छापून येतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या निंदणीला मात्र अंदाजपत्रकात जागा शोधावी लागते.

तामिळनाडूने २०२२मध्ये आक्रमक वनस्पतींविषयी राज्याचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि निलगिरी परिसरातील जंगल व्यापणारी पिवळ्या फुलांची सेना स्पेक्टॅबिलिस सरकारी कागद कारखान्याला लगद्यासाठी देण्याचा मार्ग स्वीकारला. खर्च भागवण्याची ही युक्ती चांगली आहे, मात्र तिच्यात एक धोका आहे. एखाद्या वनस्पतीवर कारखाना उभा राहिला की ती संपणे कारखान्याला परवडत नाही.

केंद्राच्या पातळीवर वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने ‘परकी आक्रमक जाती’ ही संज्ञा प्रथमच कायद्यात आणली आणि अशा जातींची आयात, व्यापार व प्रसार यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. १ एप्रिल २०२३पासून ती अमलात आली. व्याख्येनुसार अशी जाती मूळची भारताबाहेरची असावी लागते; म्हणजे देशाच्याच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेलेल्या झाडाला तो लागू होत नाही. त्याहून मोठी विसंगती अन्यत्र आहे. २०२२च्या डिसेंबरमध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता करारात परक्या आक्रमक जातींचा शिरकाव २०३०पर्यंत किमान निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने मान्य केले; आणि त्यानंतर चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४मध्ये, हरित पत योजनेसाठी ठरवण्यात आलेल्या पद्धतीत झुडपी आणि पडीक जमिनींवरही हेक्टरी किमान ११०० झाडांची अट घालण्यात आली. कोरड्या माळावर एवढी झाडे जगवायची तर रोपवाटिकेत कोणत्या रोपांना मागणी येईल, हे ओळखायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही.